पंधरा दिवसांचा कागद

छत्रपती संभाजीनगर
१८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
अमृताचा सविनय जय भीम.

वि. वि. रविवारी पिशोरहून निघाले ती एसटी वाटेत बंद पडली आणि दीड तास रस्त्याच्या कडेला उभी राहिले. तू दिलेला ठेचा पिशवीत सांडला. उरलेला ऑफिसात नेला तर पोरांनी पाच मिनिटांत बोटं चाटून डबा धुऊन ठेवला. मंगळवारी नामविस्तार दिनाची ड्युटी होती, दिवसभर विद्यापीठ गेटवर. पिशोरच्या बायका भेटल्या. सत्यभामाबाई का नाही आल्या म्हणून तुझी चौकशी करत होत्या. गुडघे संपावर गेलेत, असं सांगितलं.

तुझ्या कानांमुळे का होईना, माझं पत्र लिहिणं सुरू झालं. फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं मनानं भरतेस, त्यापेक्षा हे बरं. ऑफिसातली पोरं हसतात, पोस्टाचं तिकीट कुठं मिळतं असं मला विचारतात.

आता महत्त्वाचं. बायका दुखणं अंगावर काढतात त्याची बातमी करायची म्हणून मी आले, आणि तू मला थेट शेजारच्या सरिताच्या घरात नेऊन बसवलंस. तू नसतीस तर तिनं माझ्यासमोर तोंड उघडलं नसतं. छातीतली गाठ सहा महिने नवऱ्यापासून, कचरूभाऊपासूनसुद्धा लपवली, डिसेंबरच्या आरोग्य शिबिरात तू हाताला धरून नेलंस तेव्हा कुठं सुईनं नमुना दिला, आणि पुढं पाकिटात इंग्रजी कागद आला तो साड्यांच्या घडीखाली ठेवून दिला. सगळं लिहिलंय. त्या कागदाचा फोटोही स्वच्छ आलाय. मी कागदांचे फोटो काढून घेते आणि ऑफिसात वाचते. समोर वाचत बसलं की माणूस बोलायचं थांबतं.

ते आमच्या संपादकांनी, अभय सरांनी, वाचलं. म्हणाले, हे रोजच्या पानात वाया घालवायचं नाही, आठ मार्चच्या महिला पुरवणीसाठी ठेवू, पूर्ण पान देऊ. माझं नाव, फोटोसह. तोवर दुसऱ्या कुणा पेपरवाल्याला सरिताकडे फिरकू देऊ नकोस. आणि दोन गोष्टी कळव: सरिताची रूपा कितवीत आहे, आणि सरिता किती वर्षं अद्रक धुवायच्या कामावर जाते?

बाकी क्षेम. रागावलीस तरी माया आटवू नकोस.

तुझी
अमृता


पिशोर
२ फेब्रुवारी २०२५

चि. अमृतास,
आत्याचा जय भीम आणि लई लई आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पेपरात तुझं नाव छापून येतं ते ठीक, पण पोटात काय जातं ते कोण छापणार? मागच्या वेळी मनगट धरलं तर बांगडी कोपरापर्यंत गेली. खोलीवर सैपाक करत जा, नायतर मी येऊन बसेन.

तू विचारलंस ते लिहिते. रूपा सहावीत आहे, गणितात हुशार. सरिता नऊ वर्षं झाली अद्रकीच्या कामावर जाते. सध्या हंगाम जोरात आहे. सकाळी सातला जाते ती दिवे लागायला येते, हात आंबून पांढरे झालेले असतात.

आता माझं एक विचारणं आहे. आपल्याकडं शिकल्यासवरल्या माणसाच्या हातात कागद दिला की तो वाचून सांगतोच, तोंडानं विचारावं लागत नाय. सरितानं तुझ्या हातात कागद दिला तो त्यासाठी. तू फोटो काढलास, घडी घालून परत दिलास, चहा प्यालीस आणि उठलीस. मलाही वाटलं, सरितासमोर नसंल बोलायचं, मला एकटीला सांगंल. तू तर स्टँडवरपण काय बोलली नाहीस. तवापासून सरिता म्हणते, ताईंनी काय म्हटलं नाय म्हंजे वंगाळ काय नसंल, वंगाळ असतं तर त्या बोलल्या असत्या. लई निवांत झालीये ती. कामावर गाणं म्हणते म्हणे.

गावातल्या डॉक्टरला दाखवू म्हटलं तर तो तिच्या दिराच्या उठण्याबसण्यातला. औषधाच्या दुकानात सासूच्या माहेरचा पोरगा. छातीचं दुखणं, ती कुणापुढं न्यायची? तू घरची आणि गावाबाहेरची, म्हणून तुझ्यापुढं कागद निघाला. तर एका ओळीत कळव, त्यात काय लिहिलंय. मला इंग्रजी येत असतं तर तुला त्रास दिला नसता.

जिवाला जप. आत्याची आठवण असू दे.

तुझी
सत्यभामाआत्या


छत्रपती संभाजीनगर
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
स. जय भीम.

वि. वि. पत्र मिळून चार दिवस झाले, उत्तराला सवड झाली नाही. बारावीची परीक्षा सुरू झालीये, रोज एका केंद्रावर कॉपीची बातमी. सकाळी आठला बाहेर पडते, जेवण कधी तीनला तर कधी नाहीच. दमले आहे, आत्या. पण सैपाक करते, शप्पथ. काल वरणफळं केली होती.

रूपाचं आणि नऊ वर्षांचं कळवलंस ते बरं झालं, बातमीत घातलं. पान लागलंय, फार देखणं झालंय. सरिताचं नाव बदललंय, चेहरा दाखवलेला नाही, नुसते अद्रकीच्या मातीतले हात आहेत. तिला सांग, निश्चिंत राहा.

तू विचारलंस त्याबद्दल मी अभय सरांशी आधीच बोलले होते. त्यांचं म्हणणं, बातमीदारानं बघायचं आणि लिहायचं, मध्ये हात घालायचा नाही. आज एकीला दवाखान्यात नेलं तर उद्या शंभरजणी दारात उभ्या राहतील, कुणाकुणाला नेणार? पण छापून आलं की सरकारी यंत्रणा हलते आणि मग एकीचं नाही, त्या शंभरजणींचं काम होतं. मलाही ते पटतं. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. तेवढी कळ काढ, आठ मार्चला सगळं कळेलच.

चटणी संपली. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठव. माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे.

तुझी
अमृता


पिशोर
१२ मार्च २०२५

अमृतास,
जय भीम.

पुरवणी मिळाली. शनिवारी मीच स्टँडवरून दोन अंक आणले. सरिता कामाला दांडी मारून माझ्याकडं येऊन बसली. दार लोटून घेतलं. सातवीपर्यंत शिकलीये ती, तिला वाचता येतं, पण म्हणाली आत्या तुम्हीच वाचा, माझ्याबद्दल मीच कसं वाचू? मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. तू तिचं नाव सुमन ठेवलंस. ती लाजली, म्हणाली हेच नाव चांगलं आहे, हेच ठेवायला पायजे होतं. आम्ही हसलो.

मग तुझी ती ओळ आली. तुझीच आहे, इथं उतरवून काढते. 'सुमनची गाठ कर्करोगाची आहे. पंधरा दिवसांत मोठ्या रुग्णालयात दाखवा, असे त्या इंग्रजी कागदावर लिहिले आहे. पण तो कागद वाचू शकेल असे त्या घरात कोणीही नव्हते.'

एवढं मी मोठ्यानं वाचून बसले, अमृता. माझ्या तोंडानं वाचलं. समोर ती बसलेली. तिला तिचा आजार पेपरातून कळला, तोही माझ्याच आवाजात. ती काय रडली बिडली नाय. विचारलं, आत्या, पंधरा दिवस कवाचे? मी बोटावर मोजायला लागले आणि मला मोजवंना.

घरात कोणी नव्हतं म्हणतेस? तू होतीस की त्या घरात. चटईवर बसली होतीस. बशीत चहा ओतून प्यालीस. कागद तुझ्या हातात होता.

चेहरा नाय दाखवला म्हणालीस. हातातला हिरवा चुडा आणि मनगटावरचं गोंदण गावानं दुपारपर्यंत ओळखलं. कचरूला पानटपरीवर कळलं. तो चिडंल असं वाटलं होतं, तर घरी येऊन नुसता भिंतीला टेकून बसला. मला का नाय सांगितलं, एवढंच विचारत होता.

यंत्रणा हलते म्हणालीस, ती पण हलली. सोमवारी तालुक्याहून दोन साहेब गाडीतून आले. कागद मागितला, त्यांनीही त्याचा फोटो काढला. रुग्णास समक्ष माहिती दिली असं एका वहीत लिहिलं, सरिताची सही घेतली आणि गेले. त्यांच्याशी मी भांडले नाय. भांडायची ताकद तुझ्यावरच संपली होती.

उद्या पहिल्या एसटीनं कचरू, सरिता आणि मी औरंगाबादला सरकारी दवाखान्यात येतोय. हे पत्र पोचंल तवा आम्ही तिथंच असू. तुझ्याकडं उतरणार नाय. माझ्याबरोबर अंगणवाडीत होती ती मैत्रीण जवळच राहते.

आशीर्वाद तोडत नाय, पण आज लिहिवतही नाय.

सत्यभामा


छत्रपती संभाजीनगर
१९ मार्च २०२५

ती. आत्यास,
जय भीम. यापुढं काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून जे झालं तेच लिहिते.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मंगळवारी सकाळी मी दवाखान्यात आले. तीन मजले फिरले. तुम्ही मागच्या जिन्याजवळच्या बाकावर होता. कचरूभाऊ रांगेत होते. तू मला पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. बरोबरच केलंस. सरितानं मात्र पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर मला जागा करून दिली. शुक्रवारी धुळवडीची सुट्टी निघाली, म्हणून सोमवारी परत बोलावलं, पाच दिवस असेच गेले, असं तीच सांगत होती, मी परकी पाहुणी असल्यासारखं. मी त्या जागेवर बसले. तिला एवढंच सांगितलं की चूक माझी आहे. ती म्हणाली, असू द्या, ताई. यापेक्षा तिनं एक कानशिलात दिली असती तर बरं वाटलं असतं.

तुला खरं सांगायचं राहिलंय. मी तो कागद चौदा जानेवारीला वाचला. गेटवरची ड्युटी संपवून ऑफिसात आले, मोबाइलवरचा फोटो मोठा केला आणि वाचला. सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बातमीला शेवट मिळाला, हे आलं. तुला कळवायला हवं, हे त्यानंतर आलं. मी अभय सरांना विचारलं. ते म्हणाले ते तुला मागच्या पत्रात लिहिलंच आहे. ते वाईट माणूस नाहीत, आणि त्यांनी मला फोन करू नको असं कधी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं, कारण पटवून घ्यायला सोपं होतं. सरिता दवाखान्यात गेली असती तर पान बदलावं लागलं असतं. मग तुझं पत्र आलं. एका ओळीत कळव, असं तू विचारलंस आणि मी दोन पानं भरून ती ओळ सोडून सगळं लिहिलं. वरणफळंसुद्धा लिहिली.

बारा वर्षं या कामात आहे. पाणी नाही, रस्ता नाही, डॉक्टर नाही, हेच लिहीत आले. लोक कागद पुढं करतात, मी फोटो काढते. आता आठवायला बसले तर किती जणांनी कागद दिले आणि तोंडाकडं पाहत राहिले ते समोर येतं. ते काय विचारत होते हे मला तुझ्या पत्रानं सांगितलं. शंभरजणी दारात येतील म्हणून मी घाबरले. आत्या, दारात एकच होती.

त्या लेखाला एका संस्थेचा पुरस्कार जाहीर झालाय. त्यांच्या पत्रात त्या ओळीचं कौतुक केलंय. ते पत्र टेबलावर पडून आहे. मी येणार नाही, एवढं तरी त्यांना कळवायला हवं, पण त्याचंही बळ गोळा होत नाही.

माझं एक मागणं आहे. दर तीन आठवड्यांनी तिला औषध चढवायचं आहे असं बाकावर कळलं. माझी खोली सिडकोत, दवाखान्यापासून रिक्षानं वीस मिनिटं. आदल्या रात्री येऊन दोन दिवस राहू दे तिला. रांगेला मी उभी राहीन, अर्ज मी भरीन, रजा शिल्लक आहे. याबद्दल एक अक्षर छापणार नाही. तिची हरकत असेल तर आग्रह करणार नाही.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहते.

अमृता


पिशोर
२४ एप्रिल २०२५

चि. अमृतास,
आत्याचा जय भीम आणि आशीर्वाद. व्हय, आशीर्वाद. कितीदा रुसायचं माणसानं!

जयंती नीट पार पडली. सरिता मिरवणुकीला दारात खुर्ची टाकून बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. दोन्ही वेळच्या औषधाला तुझ्याकडं राहून आली ते मला सगळं सांगते. तू खिचडी पातळ करतेस, मीठ विसरतेस, पण तिला उलट्या झाल्या की घमेलं धरून बसतेस, असं म्हणाली. खिचडीत जिरं तुपात फोडून घाल, तिला तेवढंच गोड लागतं. कचरू अडत्याकडं हमालीला जाऊन सांजचा सैपाक पण करतो आता. रूपा त्याला पोळी वाकडी झाली म्हणून चिडवते.

माझंही एक तुला सांगायचं राहिलं. तुझ्यावर आग पाखडली, ती निम्मी माझ्यावरची होती. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं केली. पोर अशक्त दिसलं की आईच्या मागं लागून त्याला दवाखान्यात नेलं, कुणाच्या कागदाची वाट नाय बघितली. आणि शेजारच्या पोरीच्या वेळेला मी भाचीच्या तोंडाकडं बघत बसले. तुझं उत्तर न आलेलं मला दिसत होतं. अंगात जोर नव्हता म्हण, नायतर वाईट ऐकायचं नव्हतं म्हण. आपण दोघींनी मिळून तिला फशी पाडलं.

आता तिचा निरोप. मोठ्या यंत्रातून तपासणी केली त्याचा कागद सोमवारी आला, तो तुझ्याकडं आहे. डॉक्टर तुझ्याशी इंग्रजीत बोलला, तिनं तुझं तोंड बघितलं. घरी आली तर कचरू म्हणतो बरी होशील, सासू म्हणते बरी होशील, गल्लीतली प्रत्येक बाई म्हणते बरी होशील. तिला ते पुरे झालंय. तिचं म्हणणं असं की तो कागद तू मराठीत लिहून तिच्या नावानं पाठवावा, मला नाय आणि कचरूलाही नाय. एकही शब्द गाळू नये. गोड करू नये. ती एकटी बसून वाचंल.

माझं मन म्हणतं कळवू नकोस, तेवढेच चार दिवस पोर हसत काढंल. पण मन माझं आहे, जीव तिचा आहे. तू काय ते कर.

तुला माझी माया आहे, ती तिच्याकडं जाऊ दे.

तुझी
सत्यभामाआत्या


छत्रपती संभाजीनगर
३० एप्रिल २०२५

सौ. सरिताताईंस,
अमृताचा सप्रेम जय भीम.

आत्याकडून तुमचा निरोप मिळाला. तीन दिवस लागले लिहायला, त्याची माफी मागते. कागद समोर ठेवलाय. वरपासून खालपर्यंत जसा आहे तसा लिहिते. समजायला अवघड होतं ते काल डॉक्टरांना पुन्हा भेटून विचारून घेतलं.

सुरुवातीला तुमचं नाव, वय चौतीस, आणि तपासणीची तारीख सोळा एप्रिल. पुढं लिहिलंय, डाव्या छातीत गाठ आहे, सहा सेंटिमीटर. म्हणजे लिंबापेक्षा थोडी मोठी. काखेतही लहान गाठी आहेत. त्याच्या खाली लिहिलंय की आजार छातीतून बाहेर गेला आहे. यकृतावर दोन ठिकाणी आणि पाठीच्या मणक्यात एका ठिकाणी दिसतो. तुमची कंबर दुखते ती अद्रक वाकून धुतल्यामुळे नाही, यामुळे आहे. फुप्फुसं स्वच्छ आहेत, डोक्यात काही नाही. शेवटच्या ओळीचा अर्थ असा की आजार चौथ्या पायरीवर आहे. पाचवी पायरी नसते.

हे औषध आजार मुळापासून काढण्यासाठी नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो पसरायचा वेग कमी करायला आणि दुखणं आटोक्यात ठेवायला आहे. किती दिवस, असं मी विचारलं. औषध लागू पडलं तर वर्ष, दीड वर्ष. काहीजणी जास्त राहतात. नाही लागू पडलं तर त्याआधी. नक्की कुणाला सांगता येत नाही, असंही ते म्हणाले, आणि ते मला धीर द्यायला म्हणत नव्हते.

आणखी एक मी विचारलं. ते कागदावर नाही, पण तुम्ही शब्द गाळू नको म्हणालात म्हणून तेही लिहिते. जानेवारीत आलो असतो तर काय झालं असतं? आधी ते म्हणाले, तेव्हाची तपासणी नाही, कसं सांगणार. मी दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा म्हणाले, दोन महिने कमी नसतात. ते दोन महिने माझ्यामुळे गेले. तुम्ही मला बाकावर जागा दिलीत, माझ्या घरी राहिलात, अळणी खिचडी खाल्लीत, तरी ते बदलत नाही, आणि तुम्हीही ते बदललं असं मानू नका.

रूपाला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा. सांगताना कुणी जवळ असावं वाटलं तर मी येईन. कंबरेच्या दुखण्यावर वेगळी गोळी मिळते, तुम्ही मागितली नाहीत म्हणून त्यांनी दिली नव्हती. ती मी आणून ठेवलीये. पुढचं औषध शुक्रवारी, नऊ मे. गुरुवारी दुपारच्या एसटीनं निघालात तर ऊन उतरल्यावर पोचाल, मी स्टँडवर असेन.

कागद संपला. लोभ असावा असं शेवटी लिहायची आपल्याकडं रीत आहे. तुमच्याकडं तो मागायचं तोंड मला नाही. गुरुवारी या.

आपली
अमृता